सत्तर जागांतला बाजारभाव

मराठीत एसएमएस लिहायचा असेल तर एका संदेशात ७० जागा मिळतात. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला १६०. पाकीट दोघांचं एकच, १४० बाइटचं; पण रोमन अक्षर सात बिटांत मावतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त या प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जाते. ‘क्विंटल’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोबाइलच्या हिशेबात तो सात जागा खातो. ‘कृषी विज्ञान केंद्र’ एवढं लिहिलं की १९ जागा संपल्या. उरलेल्या ५१ जागांत पीक, रोग, औषध आणि त्याचं प्रमाण बसवायचं.

या शतकाच्या पहिल्या दशकात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत संगणकावरची माहिती शेतकऱ्यापर्यंत पोहोचली ती बरीचशी अशाच अरुंद वाटेनं. इंटरनेटचा इतिहास सांगताना ब्राउझर, सर्च इंजिन, सोशल मीडिया असा क्रम लावला जातो. बांधावर मात्र हा क्रम लागू पडत नाही. तिथं वेबसाइट उघडण्याच्या कितीतरी आधी मजकूर आला होता. चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर, तोही काटकसरीनं लिहिलेला. ज्यांनी तो लिहिला, पाठवला आणि छोट्याशा पडद्यावर वाचला, त्यांची कामगिरी इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

इथल्या शेतकऱ्याला दूरची खबर लागते, कारण त्याचा माल दूर जातो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं बारामतीचा एक पट्टा इंग्रजी काळातच बागायती झाला आणि उसाबरोबर गुळाची बाजारपेठ उभी राहिली. तालुक्याचा दुसरा पट्टा आजही जिरायत म्हणूनच ओळखला जातो. इंदापुरात उजनीचा फुगवटा, भिगवणची मासळी, डाळिंब, पेरू, द्राक्षं. आणि दोन्हीकडे ऊस: बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. गुळाची ढेप असो की डाळिंबाची पेटी, भाव ठरतो पुण्याला, सोलापूरला, मुंबईला.

दौंड-बारामती ही छोट्या रुळांची गाडी १९१४ मध्ये सुरू झाली. रेल्वे आली की तार आलीच. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत, पत्त्यातल्या शब्दांचेसुद्धा. म्हणून देशभरच्या पेढ्या तारखात्याकडे एका शब्दाचा पत्ता नोंदवून घेत. त्या एका शब्दावर तार बरोबर दुकानी पोहोचायची. लग्नाच्या शुभेच्छांसाठी तयार वाक्यांना क्रमांक दिलेले होते. पाठवणाऱ्यानं क्रमांक सांगायचा, पोहोचताना पूर्ण वाक्य उमटायचं. कमीत कमी चिन्हांत जास्तीत जास्त मजकूर पाठवण्याची ही युक्ती आजचे संगणकतज्ज्ञही वापरतात. भावाची तार वाचणारा व्यापारी आणि भावाचा एसएमएस वाचणारा शेतकरी यांच्यामध्ये पाऊण शतकाहून अधिक काळ गेला, पण दोघांची वाचायची रीत जवळपास सारखीच राहिली.

कारखान्यांचा कारभारही चिठ्ठ्यांवर चाले. उसाची नोंद, त्यात सभासदाचा क्रमांक, गट, लागण की खोडवा, जात ८६०३२ की २६५. मग चिटबॉयनं सांगितलेला तोडणीचा प्रोग्राम, तोडचिठ्ठी, काट्यावरची वजनपावती आणि शेवटी बिलाची उचल. नीट पाहिलं तर ही सगळी माहिती दहा-बारा आकड्यांत आणि पाच-सात शब्दांत संपते. तिला वेबपान लागत नाही. हे लक्षात यायला मात्र संगणक आधी गावात आणून पाहावे लागले.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून, आधी मुंबईसारख्या चार महानगरांत. पुण्यालाही लवकरच नोड, म्हणजे जोडणीचं केंद्र, आला. श्रीमंतांसाठी चित्रं दाखवणारं महागडं खातं होतं आणि विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं ‘शेल’ खातं. शेल खात्यात काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं दिसत. वेबपानं वाचायची ती लिंक्स नावाच्या ब्राउझरवर, जो अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झाला होता. त्यात माऊस नाही. बाणांच्या कळांनी एका दुव्यावरून दुसऱ्यावर जायचं. पुण्याच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी जग पहिल्यांदा पाहिलं ते असं. बारामतीचा दूरध्वनी संकेतांक ०२११२, इंदापूरचा ०२१११. म्हणजे पुण्याच्या नोडला फोन जोडायचा तर एसटीडीचं मीटर पळणार. अक्षरांचं इंटरनेट हलकं होतं, पण तिथवर जाणारी वाट महाग होती. शिवाय त्या पडद्यावर मराठीला जागाच नव्हती.

या गोष्टीतला एक धडा बारामतीबाहेर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला मिळाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकारानं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतल्या ५४ गावांत संगणकाची केंद्रं उभी राहिली. कल्पना मोठी होती: शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण. काही वर्षांनी राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा हे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधनशाळेतले अभ्यासक तिथं गेले. शेतकरी केंद्रावर येत होते, पण प्रामुख्यानं उसासाठी: तोडीचा परवाना आला का, वजन किती भरलं, खत किती उचललं, पैसे किती जमा झाले. मग त्यांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवला, केंद्रावर साधा मोबाइल दिला. ठरलेल्या नमुन्यात एसएमएस पाठवायचा. कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला फोन तो वाचायचा आणि उत्तर परत यायचं. काम तेच, खर्च मात्र थोडक्यात. वीज गेली तरी फोन चालायचा. प्रयोगाचं नाव ‘वारणा अनवायर्ड’. जगभरच्या ग्रामीण संगणक-प्रकल्पांच्या चर्चेत ते आजही घेतलं जातं, आणि ऊसपट्ट्याला त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

बारामतीची वाट वेगळी होती. माळेगावजवळच्या शारदानगरला आप्पासाहेब पवार यांनी उभ्या केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं काम १९७१ पासूनचं आणि त्याच्या छायेखालचं कृषी विज्ञान केंद्र १९९२ चं. २००३ मध्ये आयआयटी मुंबईत प्राध्यापक कृती रामामृतम यांच्या गटानं ‘आक्वा’ नावाची प्रश्नोत्तरांची सेवा तयार केली. नावाचा अर्थ साधारण ‘जवळपास सगळ्या प्रश्नांना उत्तरं’. शेतकऱ्यानं मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि तज्ज्ञानं त्याच भाषेत उत्तर द्यायचं. संगणकशास्त्राचं काम पवईत होत होतं, पण शेतीतले तज्ज्ञ पवईत कुठून आणणार? ते बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात होते. ही सेवा उभी राहिली ती या जोडीवर.

गावातल्या केंद्रांवरची डायल-अप जोडणी तुटायची, वीज जायची. म्हणून या गटानं सुरुवातीपासूनच हलक्या मार्गाचा विचार केला. आधी येऊन गेलेले प्रश्न आणि उत्तरं गावातल्या संगणकातच साठवून ठेवायची. जोडणी नसताना शेतकऱ्यानं ती वाचायची, आपला प्रश्न लिहून ठेवायचा. जोडणी मिळाली की नवं तेवढंच इकडून तिकडे जायचं. बाजारभावासाठी ‘भाव पूछिए’ नावाची वेगळी सोय केली. शोध घेताना नेमका शब्द जुळला नाही तरी अर्थ जुळावा, यासाठीही त्यांनी मेहनत घेतली, कारण एकाच किडीला दोन गावांत दोन नावं असू शकतात. २००६ मध्ये या कामाबद्दल आंतरराष्ट्रीय परिषदांत निबंध वाचले गेले. जोडणी नेहमी असेलच असं गृहीत धरून आज जी ॲप्स लिहिली जातात, त्यांच्या कर्त्यांनी ते निबंध काढून वाचावेत.

नुसत्या मजकुराची मर्यादाही शारदानगरलाच पहिल्यांदा उमगली असणार. त्याच दशकात महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या बागा तेल्या रोगानं झोपल्या. फळावर तेलकट डाग, मग तडा. पण हा डाग तेल्याचाच की कुठल्या बुरशीचा, हे शब्दांत सांगणं अवघड. आक्वामध्ये फोटो जोडायची सोय होती ती याचसाठी. मजकूर हलका असतो म्हणून तो सगळीकडे पुरतो असं मानणं चुकीचं ठरलं असतं. भाव, वजन, तारीख, औषधाचं प्रमाण यांना तो पुरतो, पानावरच्या डागाला पुरत नाही.

२००४ च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झालं. त्याचा १५५१ हा क्रमांक पुढे १८००-१८०-१५५१ झाला. फोन फुकट, उत्तर मराठीत. ज्याला वाचायला जमत नव्हतं त्याच्यासाठी ही सोय एसएमएसपेक्षा मोलाची होती.

मग ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ सुरू केली. लंडनच्या शेअरबाजारातल्या दलालांना क्षणाक्षणाचे भाव विकणारी संस्था इथं कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव विकू लागली. शेतकऱ्यानं आपलं पीक आणि जवळचे बाजार निवडायचे, तीन महिन्यांचे १७५ रुपये भरायचे. मग दिवसाकाठी तीन-चार संदेश, मराठीत. भाव, हवामान, पिकाचा सल्ला, शेतीची एखादी बातमी. वर्गणीचं कार्ड खतं-बियाणांच्या दुकानांत मिळायचं, पोस्टातही मिळायचं. अडचण हँडसेटची होती. देवनागरी न कळणाऱ्या जुन्या फोनवर मराठी संदेशाच्या जागी नुसते चौकोन उमटत. भाव आलेला आहे, पैसे भरलेले आहेत, आणि पडद्यावर चौकोनांची ओळ! त्यामुळे सेवा घेण्याआधी फोन मराठी दाखवतो का, हे पाहणं आलं. बँका, कारखाने, दुकानदार यांचे संदेश बराच काळ रोमन अक्षरांत मराठी लिहून येत राहिले ते यामुळेही. रोमनमध्ये १६० जागा होत्या आणि चौकोनांचा धोका नव्हता.

नोकियानं २००९ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. ‘नोकिया लाइफ टूल्स’ची चाचणी आधी महाराष्ट्रात झाली, त्यात रॉयटर्स मार्केट लाइट होतं आणि राज्याचं कृषी पणन मंडळही. २३२३ आणि २३३० या स्वस्त मॉडेलांत ही सोय फोनबरोबरच यायची. वापरणाऱ्याला चित्रांची यादी दिसे: शेती, शिक्षण, करमणूक. भाषा निवडता येई, मराठीसुद्धा. आतून मात्र सगळा कारभार एसएमएसचा. जीपीआरएस, म्हणजे मोबाइलवरचं इंटरनेट, लागत नसे, आणि त्या काळी ग्रामीण भागात जीपीआरएसचा भरवसा नव्हताच. हवामान आणि सल्ल्याला महिन्याला ३० रुपये, बाजारभावासह ६० रुपये.

या किमती समजून घ्यायच्या तर तेव्हाचा डेटाचा दर आठवावा लागेल. पॅक न टाकता नेट वापरलं तर अनेक कंपन्या १० केबीला १० पैसे घेत. अर्ध्या एमबीचं एक वेबपान उघडलं की पाच रुपये गेले. अशी बारा पानं उघडली की लाइफ टूल्सची बाजारभावासहची महिन्याची वर्गणी संपली, आणि त्या बारा पानांत बारामतीच्या आवाराचा आजचा भाव सापडेलच याची खात्री नाही. स्वस्ताई हा या सेवांचा गुण खराच, पण त्याहून मोठा गुण म्हणजे त्यांची वर्गणी आधीच ठरलेली असायची. पुढच्या दाबासरशी किती पैसे जातील ही धास्ती नसे.

मग या संदेशांनी शेतकऱ्याला भाव जास्त मिळाला का? हा प्रश्न मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी घेतला. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, त्यांत पुणे जिल्हाही होता, १०० गावांतल्या ९३३ शेतकऱ्यांची २००९-१० मध्ये पाहणी झाली. निवडलेल्या शेतकऱ्यांना वर्षभर रॉयटर्सची सेवा फुकट दिली. निष्कर्ष अनेकांना खट्टू करणारा होता: मिळालेल्या सरासरी भावात ठळक फरक नाही. माल कुठं विकायचा याबाबत थोडाफार बदल दिसला, एवढंच.

या निष्कर्षावरून एसएमएस फुकट गेले असं म्हणणाऱ्यांनी आडत्याच्या गाळ्यावर एक सकाळ घालवायला हवी. सोलापुरात भाव चढा आहे हे कळलं म्हणून पुण्याला निघालेली गाडी वळत नाही. हुंडेकरी ठरलेला असतो, आडत्याकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, आणि टोमॅटो दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. हातात भाव असून माल अडवून धरायची ताकद नसेल तर भाव वाढत नाही, आणि ती ताकद पोचवण्याचं काम एसएमएसनं करावं ही अपेक्षाच गैर होती. पण पट्टी हातात पडल्यावर ती खरी की खोटी हे शेतकऱ्याला त्याच दिवशी कळू लागलं. लेखी आकडा आपल्या खिशात असणं ही लहान गोष्ट नाही. उसाच्या वजनाबाबतही तेच. काटामारीच्या तक्रारी ऊसपट्ट्यात जुन्या आहेत. राज्यातल्या अनेक कारखान्यांनी वजनाचा एसएमएस सभासदाला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा वजन निदान त्याच दिवशी, तारखेसह, शेतकऱ्याच्या फोनवर येऊ लागलं. पावती वाहनवाल्याकडून हातात येईपर्यंत थांबणं संपलं.

दरम्यान पोरांनी वेगळा रस्ता शोधला होता. ओपेरा मिनी हा ब्राउझर २००६ मध्ये जगभर खुला झाला. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथं दाबून दहाव्या हिश्शावर आणायचं आणि मग फोनवर पाठवायचं, ही त्याची युक्ती. पाच रुपयांचं पान पन्नास पैशांत. साध्या जावा फोनवरही तो चाले. पण मराठीचे चौकोन तिथंही होतेच. त्यावरचा उपाय एका आडबाजूच्या पानात दडलेला होता. पत्त्याच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ असं रोमन अक्षरांत टाइप करायचं, यादीच्या तळाशी जायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय ‘होय’ करायचा. मग सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं काढून पाठवी आणि देवनागरीचा गंध नसलेल्या फोनवर मराठी बातमी वाचता येई. हे कुठल्याही माहितीपुस्तकात ठळक छापलेलं नव्हतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून, कॉलेजच्या कट्ट्यावरून, एकानं दुसऱ्याला सांगत ते महाराष्ट्रभर पसरलं. जुन्या यंत्राला आपली भाषा शिकवण्याची ही खटपट मराठीच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि ती केली ती बहुतेक विशी न ओलांडलेल्या मुलांनी.

२०१३ चा जुलै या गोष्टीत लक्षात राहण्यासारखा. १४ तारखेला देशातली तारसेवा शेवटची चालली. १६ तारखेला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ‘एमकिसान’ सेवेचं उद्घाटन केलं. कृषी विज्ञान केंद्रं, विद्यापीठं आणि कृषी खातं यांना त्यामुळे शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत सल्ल्याचे एसएमएस पाठवता येऊ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीला नोकियानं लाइफ टूल्सची सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये *९९# ही बँकेची सोय देशभर खुली झाली. मराठीत हवी असेल तर *९९*२८#. इंटरनेटशिवाय, कुठल्याही फोनवर, शिल्लक पाहता येते आणि पैसे पाठवता येतात. ती आजही चालू आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि हलकेपणाची निकड ज्यांना वाटायची त्यांची संख्या घटली. वेबपानं मात्र फुगत गेली. आज साधारण पानाचं वजन दोन एमबीच्या पुढे असतं. मंद जोडणीसाठी गुगलनं २०१५ मध्ये आणलेली ‘वेब लाइट’ सोय २०२२ च्या डिसेंबरमध्ये गुंडाळली गेली. परदेशात मात्र उलटं वारंही वाहू लागलं आहे. चक्रीवादळात मोबाइलचं जाळं कोलमडतं तेव्हा लोकांना वाचता यावं म्हणून अमेरिकेत एनपीआर आणि सीएनएन यांनी नुसत्या मजकुराची पानं ठेवली आहेत, आणि २०१९ पासून ‘जेमिनी’ नावाचा फक्त मजकुराचा एक स्वतंत्र मार्ग काही हौशी लोक चालवतात. मराठी वृत्तपत्रांपैकी एकानं जरी बाजारभावाचं, हवामानाचं आणि धरणसाठ्याचं असं एक पान ठेवलं तर उजनीच्या काठावरचा वाचक त्याला दुवा देईल.

एसएमएसचीही वाट आता पूर्वीसारखी मोकळी नाही. फसवे संदेश रोखण्यासाठी दूरसंचार प्राधिकरणानं पाठवणाऱ्या संस्थेची आणि मजकुराच्या नमुन्याची आगाऊ नोंदणी सक्तीची केली. ८ मार्च २०२१ ला ही चाळणी लागू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले. दुसऱ्या दिवशी ती थांबवून संस्थांना मुदत द्यावी लागली. नियम आवश्यकच होता. पण तेल्याचा किंवा अळीचा इशारा तासाभरात लिहून पाठवण्याची मोकळीक त्यात आक्रसली.

शारदानगरला आता उसाच्या फडात संवेदक आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याबरोबर ट्रस्टनं कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग केला, त्याची दखल २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जाहीरपणे घेतली. उपग्रहाची छायाचित्रं, मातीतला ओलावा, हवामान यांचा मेळ घालून शेतकऱ्याला सांगितलं जातं: पाणी कधी, किती, खत कुठं. ते सांगणं पुन्हा मराठीतच असतं आणि फोनवरच येतं, फक्त आता त्यासाठी स्मार्टफोन लागतो.

या सगळ्या काळाची कागदपत्रं मात्र विखुरली आहेत. शारदानगरच्या तज्ज्ञांनी दिलेली आक्वामधली उत्तरं, लाइफ टूल्सवरचे मराठी सल्ले, कारखान्यांचे संदेश-नमुने, एमकिसानवरचे इशारे: यांत दोन दशकांतली पिकं, रोग, भाव आणि बोली सापडतील. साध्या फोनचा इनबॉक्स लहान. भरला की जुना संदेश पुसायचा, तेव्हाच नवा येणार. म्हणून शेतकऱ्यांकडे ते उरलेले नाहीत. उरले असतील तर पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरवर, पवईत, शारदानगरला, कारखान्यांच्या संगणक विभागांत. संदेशांतून शेतकऱ्यांची नावं आणि क्रमांक काढून टाकले, मजकूर आणि तारीख ठेवली, तर राहुरीच्या कृषी विद्यापीठातला एखादा विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहू शकेल. हंगामागणिक हार्ड डिस्क बदलल्या जातात, तेव्हा हे काम लवकर व्हायला हवं.